न शिवलेल्या तीनशे गणवेशांबद्दल

मी, विमानतळाच्या मालवाहू फाटकासमोर पस्तीस वर्षे शिवणाचे दुकान चालवणारी, वय बहात्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघ्यांची हमी देत नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. असता तर तो फार वेळ टिकला नसता, हे घरचे जाणतात. आठ वर्षांपूर्वी रागाच्या भरात केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात मुलाचे नाव नव्हते.

१. राहते घर मुलगा आणि मुलगी यांना निम्मे निम्मे. मुलगी वरच्या खोलीत राहते. तिला तिथून कोणी हलवू नये.

२. दुकान एकट्या मुलीला. याचे कारण सांगणे भाग आहे.

आठ वर्षांपूर्वी विमान कंपनीने सामान चढवण्याचे काम बाहेरच्या ठेकेदाराला दिले आणि दोनशे दहा माणसांना एका पत्रावर घरी बसवले. त्यांचे गणवेश मी शिवत असे. ओझ्याने कोणाचा उजवा खांदा उतरला, हे त्यांच्या बायकांच्या आधी मला कळायचे. ते फाटकासमोर धरणे धरून बसले. तिसऱ्या दिवशी ठेकेदाराचा माणूस दुकानात आला. नव्या माणसांसाठी तीनशे गणवेश, दहा दिवसांत.

मी म्हणाले, "जुने अजून फाटलेले नाहीत."

तो गेल्यावर मुलगा म्हणाला, "आई, आपण नाही शिवले तर दुसरा कुणीतरी शिवेलच ना."

"मग दुसऱ्यालाच शिवू दे."

तो दुसरा माझा मुलगाच निघाला. भाड्याची मशीन घेऊन त्याने वेगळा संसार मांडला. सून तेव्हा गरोदर होती. ते मला माहीत होते, तरी मी त्याच्याशी बोलणे टाकले. मुलगी मात्र दुकानात बसून धरण्याचे फलक शिवत राहिली. उन्हात बसलेल्यांसाठी तिने एका गिऱ्हाइकाच्या पडद्याचे कापड छताला वापरले. ते गिऱ्हाईक अजून रागावलेले आहे. त्याला माझ्या कपाटातले निळे कापड द्यावे.

त्रेसष्टाव्या दिवशी समझोता झाला. एकशे चाळीस जणांना कामावर परत घेतले, सत्तर जणांना नाही. त्या सत्तरांत उंट होता. उंची पाहून पडलेले नाव. तो म्हणाला, "बाई, जे आत गेले ते आपलेच आहेत." आणि फलकाच्या काठ्या गोळा करू लागला.

३. पायमशीन ठेकेदाराकडे सामान चढवणाऱ्या त्या परक्या पोरीला. समझोत्यानंतर महिन्याभरात ती लोंबत्या बाह्यांचा गणवेश घेऊन आली. बाही सरकत्या पट्ट्यात अडकून तिचा हात जाता जाता वाचला होता.

मी म्हणाले, "हा मी शिवलेला नाही."

"मावशी, मी तरी कुठे मागितला होता? सगळ्यांना एकच माप दिलंय."

बाही उलटी केली. काखेतली दुहेरी शिवण पाहताच मुलाचा हात ओळखला. दहा दिवसांच्या घाईतही त्याने ती सोडली नव्हती. मी बाह्या आखूड करून दिल्या. मग ती इतरांना घेऊन येऊ लागली. गेल्या वर्षी ठेक्यावरच्यांनी कायम कामासाठी धरणे धरले, तेव्हा ती आणि उंट एकाच सतरंजीवर बसले होते. मागणी अजून मान्य झालेली नाही. मशीनला तेल वेळेवर घालावे.

४. माझी मोठी कात्री मुलाला. बाळा, मी तेव्हा नाही म्हणाले ते बरोबरच होते. तू हो म्हणालास, ते मला आजही पटलेले नाही. पण आठ वर्षांत मी नातीला एकदाही जवळ घेतले नाही, यात ठेकेदाराचा काही दोष नाही. तो माझा आहे. हे कोणी माझ्यामागे वाचून दाखवावे, इतका धीर मला नाही. सह्या झाल्या की कात्री घेऊन तुझ्याकडे निघते आहे. उंट सोबत येतो म्हणतो. दोघांना आत घे.

सही: फाटकासमोरची शिंपीण
साक्षीदार: १. उंट, पूर्वी सामान चढवणारा. २. शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई, ज्यांनी माझी प्रकृती तपासून सही केली.
ठिकाण: दुकान, कापायच्या टेबलावर
तारीख: १४ जून, सकाळ