पश्चिमेच्या भिंतीतले सिमेंट

मी, विनेश काळूराम भगत, वय २७, धंदा गवंडीकाम, राहणार तांबडेवाडी, तालुका मुरुड, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. सोमवारी मुंबईत माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. शरीर थकले आहे, डोके ठिकाणावर आहे. कोणाच्या धाकाने किंवा सांगण्यावरून लिहीत नाही.

१. राहते घर, दोन खोल्या व पडवी, आई वेणूबाई हिला. बँकेत जे असेल ते बहीण भाविका हिला, नर्सिंगच्या शिक्षणासाठी. ड्रिल मशीन चुलतभाऊ गणराजकडे आहे, ती त्यालाच राहू द्यावी. त्याने ती मोडली आहे आणि अजून मला सांगितलेले नाही. त्याला मी बोलू शकत नाही. कारण कलम ३ मध्ये आहे.

२. घरामागे ताडपत्रीखाली २१२ जुन्या विटा रचल्या आहेत. गावच्या चर्चच्या पडलेल्या कमानीच्या त्या विटा, दोन बोटे जाड. अशा आता कुठल्याच भट्टीत मिळत नाहीत. त्या फक्त चर्चच्या पश्चिमेच्या भिंतीला लावाव्यात. आईने त्यांवर पाण्याचे पिंप ठेवू नये.

३. ती भिंत माझ्यामुळे खराब झाली. तीन वर्षांपूर्वी माझे उस्ताद बदरुद्दीनचाचा यांनी विटांमधल्या फटी, म्हणजे दर्जा, भरायला चुना भिजत घातला आणि मुलगी मेहेकच्या बाळंतपणासाठी ते श्रीवर्धनला गेले. जाताना म्हणाले, "चुना मुरू दे. मी आल्याबिगर हात लावू नको." चर्चचा सण आठ दिवसांवर होता. समितीचे लोक रोज येऊन विचारत, "काय रे, सण झाल्यावर भरणार काय?" मी घाबरलो. दर्जांत सिमेंट भरले आणि दिसू नये म्हणून वरून चुना फासला. सिमेंटमधून ओल बाहेर पडत नाही. ती विटेतून पडते आणि खार विटेत राहतो. दोन पावसाळ्यांत विटांचे पापुद्रे सुटले. समिती म्हणाली, म्हाताऱ्याचा चुना कच्चा. चाचांचे काम बंद झाले. त्यांनी मला एकदाच विचारले, "माझा चुना असा सुटत न्हाय. तुला काय वाटतं?" मी म्हणालो, "खारं वारं असेल, चाचा." तेव्हापासून मी पश्चिमेच्या बाजूने जात नाही. लांबून वळसा घालतो. त्याचाही आता कंटाळा आला आहे.

४. सिमेंट छिन्नीने, हलक्या हाताने काढावे. काम चाचांनाच द्यावे. कलम ३ रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर सर्वांसमोर वाचावे. मी परत आलो तरी वाचावे.

५. माझी थापी चाचांना. मूळची त्यांचीच आहे. ज्याला काही दिले त्याला साक्षीदार करू नये, असे मुरुडला कचेरीबाहेरच्या टायपिंगवाल्यांनी सांगितले. म्हणून चाचांकडे हा कागद फक्त वाचायला पाठवत आहे. दुसऱ्या साक्षीदाराची जागा रिकामी सोडली आहे, ती उद्या भरेन.

सही: विनेश काळूराम भगत
ठिकाण: तांबडेवाडी
दिनांक: २० नोव्हेंबर २०२५

साक्षीदार
१. सोनल रतन ठाकूर, अंगणवाडी सेविका
२. बदरुद्दीन इस्माईल हळदे. वाचलं. सिमेंट हाय ते पहिल्याच वर्षी नख लावून बघितलं होतं. तू कधी बोलतोस याची वाट बघत होतो. थापी मला नको, म्हणून सही माझी. चुना आज भिजत घातलाय, मुरायला महिना लागंल. तवर येऊन हात लाव.