निळ्या कागदावरचा दात

प्रिय डॉक्टर,

नुसत्या चावण्याच्या जोराने इम्प्लांटभोवतीचं हाड झिजतं का? याचं खात्रीचं उत्तर मला अजून देता येत नाही. हिरडीची सूज आणि जास्तीचा जोर एकत्र आले की धोका वाढतो, एवढंच मी सांगू शकते. या न मिळालेल्या उत्तराच्या आडच तू इतके दिवस लपलास.

आईच्या सुळ्याच्या जागी तू हाडात स्क्रू रोवून इम्प्लांटचा दात बसवलास, तेव्हा मी तुझी सहाय्यक होते आणि घरात आपल्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. खुर्चीत आडवी पडूनही आई तुला जावईबापू म्हणून चिडवत होती. जोर कुठे पडतो ते पाहायला निळा कागद चावायला दिला, तर सगळा रंग त्या एकाच दातावर उमटला. दात उंच राहिलाय, थोडा घासून घे, असं मी म्हटलं. चकाकी जाईल म्हणालास. तुला फोटो काढायची घाई. आई शिवणकाम करते, दिवसभर त्याच दाताने दोरा तोडते, हेही सांगितलं. तू हसलास.

खऱ्या दाताच्या मुळाभोवती नाजूक गादी असते. जोर जास्त झाला की तो दुखून सांगतो. इम्प्लांट थेट हाडाला चिकटलेलं, ते तक्रार करत नाही. आईही करत नाही. हाड निम्मं उतरलं, इम्प्लांट हलायला लागलं, तेव्हा शिकाऊ डॉक्टरांसमोर तू म्हणालास, "या बायकांना ब्रश धरायला कोण शिकवणार?" इम्प्लांट काढावं लागलं. लग्न मी त्याच दिवशी मोडलं. तेवढ्यावर भागलं असं तुला वाटलं असेल. आई मात्र इतके दिवस हिरड्यांतून रक्त येईपर्यंत दात घासत राहिली, चूक आपलीच समजून.

उद्याच्या परिषदेत तू त्याच दाताचा पहिल्या दिवशीचा फोटो यशस्वी उपचार म्हणून दाखवणार आहेस, हे कळलं. मी आईला तिचं हाड उतरत गेल्याचे एक्स-रे दाखवले, उंच दाताचं सगळं सांगितलं. मग तिच्या संमतीने ते संयोजकांना दिले आणि तुझ्या लगेच नंतरची वेळ मागून घेतली. मिळाली. तुझा फोटो तू हवा तर गाळ. माझे एक्स-रे पडद्यावर येणारच. मी एकटीच जाणार होते. पण आईने हातातला दोरा कात्रीने कापला आणि म्हणाली, "तोंड माझं आहे, मीही येते." पहिल्या रांगेत तिची खुर्ची राखून आले आहे.

एकेकाळी तुझीच,
आता फक्त तिची लेक