रिंगेच्या मापातला वाढीव सेंटीमीटर

अमरावती,
रविवार, दुपारची वेळ

आदरणीय इवाईबुवा श्री. बुधाजी यांस, देवराव यांचा सप्रेम जय भीम.

आम्ही सर्व येथे खुशाल असून आपली व सौ. ईनबाईंची प्रकृती उत्तम असेल अशी आशा बाळगतो. (इथवर धर्मेंद्रनं बाजूले बसून लिहून घेतलं. त्याचं म्हणणं, सासऱ्याले पत्र जाऊन राहिलं तर शुद्ध लिहा, माझी इज्जत ठेवा. आता तो आंघोळीले गेला आहे, तवा मी बोलतो तसंच लिहितो. शुद्ध लिहत गेलं की मनातलं तसंच राहून जाते.) तर तुमचा गुडघा काय म्हणते? तुमाले विचारण्यात मतलब नाई, तुमी दुखते म्हणून कबूलच करणार नाई. ईनबाईले माझा नमस्कार सांगा आणि गुडघ्याचं त्यांनाच विचारून कळवा. फोन काहून नाई केला म्हणाल, तर फोनवर तुमी "हां हां, समजलं" म्हणता आणि मधातच कापता. पत्र कापता येत नाई. फार तर फाडता येईल, पण ईनबाई घरात असताना तुमची तेवढी हिंमत नाई हे मले माहीत आहे.

तुमी उन्हाळ्यात सोपवलेल्या कामाचा हिशेब द्याले बसलो आहे. नात्यातल्या एका लग्नाच्या पंगतीत मले बाजूले नेऊन तुमी काय म्हणले होते ते आठवते ना? पिंकी तुमची पोरगी खरी, पण आता माझी सून आहे, सासऱ्याचं ती ऐकते, म्हणून तिची सायकल काहीही करून मी बंद पाडावी. तुमच्या जीवाले काय लागलं ते मले कळते, इवाईबुवा. मागच्या वर्षी बडनेऱ्याच्या रस्त्यावर पोरगी पडली, गळ्याजवळचं हाडूक मोडलं, तवा दवाखान्यात तुमी तिच्या पायाशी उभे होते आणि हातातली थैली खाली ठेवायचं तुमाले सुचत नव्हतं. मीच ती तुमच्या हातातून घेतली होती. पण जाता जाता तुमी म्हणाले, सायकल सोडशील तवाच माझ्या दारात ये. झालं! पोरगीनं सायकल सोडली नाई आणि तुमी शब्द सोडला नाई. तवापासून तिनं अकोल्याचं तोंड पाहिलं नाई. माहेराहून फोन आला की आईशी बोलते आणि फोन ठेवला की उगाच धुतलेली भांडी पुन्हा धुते. दोघंही एकाच मातीचे, अडून बसणं रक्तातच आहे, मी कोणाले काय सांगू! पण तुमी पंगतीत हात धरला, माझ्या तोंडून हो निघून गेलं. तोंडात बालुशाही होती, हेही एक कारण समजा.

आता सायकल बंद पाडायची कशी? रागावून सांगावं तर मले त्या पोरीवर रागावता येत नाई. (माझ्या बायकोवर, चतुराबाईवर येते, पण ती मनावर घेत नाई.) कुलूप लावून किल्ली लपवावी तर चोरासारखं वाटते. तेवढ्यात संधी चालून आली. सायकलीचं मागचं चाक खड्ड्यात आदळलं आणि त्याची रिंग चेपली. मले वाटलं, चला, आपोआप काम झालं. पण ही बया म्हणते, मधातला हब चांगला आहे, तोच ठेवून नवीन रिंगेत चाक मी घरीच बांधते. तयार चाक काहून नाई आणत म्हणून विचारलं तर म्हणते, हा हब बाबांनी घेऊन देलेल्या सायकलीचा आहे. म्हणजे तुमचाच! सायकल तुमी घेऊन द्या, आणि बंद मी पाडू. वा रे न्याय!

चाक बांधणं म्हणजे काय, हे तुमाले ठाऊक नसेल. मलेही नव्हतं. मले वाटे, बैलगाडीच्या चाकात आरे असतात तसे सायकलीत स्पोक, मधातून कडेपर्यंत सरळ, एक मोजला की सगळे मोजले. तसं नाई. स्पोक हबातून तिरपा निघते, दुसऱ्या स्पोकांले ओलांडून रिंगेपर्यंत जाते. हबाले दोन कान असतात, त्यातला साखळीकडचा कान मधाच्या जास्त जवळ, म्हणून त्या बाजूचे स्पोक थोडे आखूड आणि दुसऱ्या बाजूचे थोडे लांब लागतात. तर मग हबाच्या कानांचं माप, रिंगेचं आतून आरपार माप, भोकं किती, एक स्पोक कितीकांले ओलांडते, हे सगळं घेऊन मोबाईलमध्ये गणित करतात, मंग स्पोकाची लांबी निघते. एक मिलिमीटर इकडेतिकडे चालते. पाच मिलिमीटर लांब झाला तर टोक वर निघून ट्यूबमधी घुसते. पाच आखूड झाला तर आटे पुरते धरत नाईत आणि चालत्या गाडीत स्पोक निसटते. हे सगळं तिनं मले चहा पिता पिता समजावून सांगतलं. धर्मेंद्रले समजावत होती तवा तो मोबाईलमधी क्रिकेट पाहत होता. पोरगं माझंच आहे, पण लिहिल्याशिवाय राहवलं नाई.

आणि मंग ती म्हणाली, मामाजी, हबाचं माप मी घेते, रिंगेचं तुमी घ्या, तुमच्या मापापुढं कोणाचं माप! इवाईबुवा, मी बाजार समितीत उभी हयात मापारी होतो. तूर मोजली, ज्वारी मोजली, चना मोजला. आडत्यानं डोळा मारला तरी मी काट्यावरून नजर हलवली नाई. लोक म्हणत, देवरावचं माप म्हणजे माप. आणि आता माझ्या घरात, माझ्याच सुनेनं विश्वासानं हातात टेप देल्ला, तवा माझ्या डोक्यात तुमची बालुशाही फिरायले लागली. मी विचार केला की माप एक सेंटीमीटर वाढवून सांगायचं. आरपार मापात एक सेंटीमीटर म्हणजे दोन्हीकडे वाटून प्रत्येक स्पोक पाच मिलिमीटर लांब. स्पोक येतील, बसणार नाईत, ती वैतागेल, सायकल कोपऱ्यात पडेल, तुमचा शब्द राहील, आणि मी कोणाले रागावलोही नाई. धरलं तर चावते, सोडलं तर पळते, त्यातून माझ्या मते हा रस्ता होता. माप घेतलं, त्यात एक सेंटीमीटर घातला आणि सांगून टाकलं. तिनं लिहूनही घेतलं नाई, तसंच मोबाईलमधी टाकलं. तेवढा तिचा भरोसा!

स्पोक आले तवा मी अंगणातच खुर्ची टाकून बसलो, का आता बसणार नाईत, मंग बसणार नाईत. ती एकेक स्पोक घालून राहिली आणि मी चोरासारखा पेपर धरून बसलो. (चतुराबाई म्हणाली, पेपर उलटा आहे. नव्हता, पण मी पाहून घेतला.) पहिला बसला. दुसरा बसला. साखळीकडचे बसले, दुसऱ्या बाजूचे बसले. मंग तिनं चाक उभं करून फिरवलं, जिथं डोलत होतं तिथं आवळलं, जिथं आत दबत होतं तिथं सैल केलं, असा सगळा आउट काढला. चाक असं फिरलं की नजर ठरेना. ती हसत माझ्याकडं पाहून म्हणाली, पाहा मामाजी, तुमचं माप! आणि मी पेपर घडी करून आतमधी निघून गेलो.

काहून म्हणाल? अहो, चाक बसलं नसतं तर बात खतम होती. पण बसलं! आता माझं खोटं माप त्या चाकात आहे, ते चाक या पोरीच्या खाली आहे, आणि ती सांगून राहिली होती का या चाकावर चिखलदऱ्याचा घाट चढणार. चढणं सोडा, घाट उतरताना स्पोकाचं टोक ट्यूबमधी घुसलं तर? मले तिथले सगळे वळण दिसायले लागले. जेवण गेलं नाई. तुमी ज्या भीतीनं मले हे काम सांगतलं, तीच भीती मी माझ्या हातानं चाकात बांधून ठेवली होती. पोरगी पडू नये म्हणून पोरगी पडेल असं करून ठेवणं, याले काय म्हणावं! मले तुमचा राग आला, तुमच्याहून जास्त माझा आला. एवढ्या वर्षांत एक दाणा इकडचा तिकडं केला नाई, आणि केलं तर ते आपल्याच लेकराच्या जीवाशी.

सकाळी ती हवा भरून राहिली होती, तवा मी तिच्या समोर जाऊन उभा राहिलो आणि सांगून टाकलं. पोरी, या चाकावर बसू नको, मी माप खोटं सांगतलं. ती माझ्याकडं पाहतच राहिली. मंग तिनं चाक काढलं, टायर उतरवलं, टेप आणला आणि म्हणाली, कसं मोजलं ते करून दाखवा. मी हवेच्या नळीजवळच्या भोकावर बोट ठेवलं आणि सुरू केलं, लाभ, दोन, तीन, चार. (तुमाले तर ठाऊकच आहे, मापारी एकाले एक म्हणत नाई, पहिल्या मापाले लाभ म्हणते. सवय ती सवय.) बत्तीस भोकांची रिंग, म्हणून सोळाव्या भोकावर थांबलो, म्हटलं, हे समोरचं. ती म्हणाली, मामाजी, जिथून निघाले तेच भोक तुमी लाभ म्हणून मोजलं, आणि वाटेत हवेच्या नळीचं भोकही मोजलं, ते तर स्पोकाचं नाईच. म्हणजे मी समोरच्या भोकाच्या दोन भोकं अलीकडंच थांबलो होतो! टेप मधातून न जाता बाजूनं गेला होता आणि माप सेंटीमीटरभर कमी भरलं होतं. त्यात मी खोटा सेंटीमीटर घातला, तवा कुठं ते खऱ्याजवळ आलं. फरक राहिला तो मिलिमीटरच्याही आत. चाक शाबूत होतं.

पाहा इवाईबुवा, इमानदारीनं मोजलं ते चुकलं आणि बेइमानी केली ती बरोबर निघाली! आता मले सगळ्या जन्माची शंका येऊन राहिली आहे. बाजारात जे जे मोजलं त्याचं काय? (चतुराबाई म्हणते, तूर गोल नसते, गप झोपा.) पिंकी आधी हसली, डोळ्यातून पाणी येईस्तोवर हसली. मंग पाणी तसंच राहिलं आणि हसणं गेलं. काहून केलं म्हणून तिनं विचारलं. मी म्हटलं, मलेच भीती वाटते तू पडशील म्हणून. तुमचं नाव मी घेतलं नाई. ती रिंगेवर हात फिरवत बसली, आणि मंग खरं काय ते बोलली. म्हणाली, मामाजी, मले चिखलदऱ्याले जायचंच नव्हतं. मले अकोल्याले जायचं होतं. अकोल्याचं सांगतलं असतं तर बाबांच्या कानावर गेलं असतं आणि बाबा घराले कुलूप लावून भुसावळले निघून गेले असते. मले त्यांना दाखवायचं होतं, का पाहा, तुमच्याच हबावर मी इथवर आली, पडली नाई, आणि तुमी म्हणता ते दार हे आहे ना, तर मी सायकलसकट आली.

म्हणजे तुमच्या सांगण्यावरून मी तुमच्याकडंच येणाऱ्या पोरीचं चाक मोडून ठेवत होतो. आपण दोन म्हातारे किती शहाणे ते यावरून समजा! तुमची भीती खरी आहे, मी तिले हसत नाई. मीही आता रोज तिच्या जाण्याच्या वेळी फाटकात उभा राहतो आणि मूर्तिजापूरच्या अंगानं येणारे ट्रक मनातल्या मनात थांबवतो. पण भीती आपली आहे, तर आपणच बाळगावी. लेकराच्या चाकात कशाले घालावी? तुमी सांगतलेलं काम माझ्याच्यानं झालं नाई, आणि पुन्हा सांगसान तर होणार नाई. याउपर तुमाले मले जे म्हणायचं ते म्हणा, इवाई आहे, ऐकून घेईन.

ईनबाईंना नमस्कार. लहानग्यांना आशीर्वाद.

आपला,
देवराव

ता. क. : संत्री सोबत आहेत, शेंदूरजनाघाटची. थैलीत जेवढी मावली तेवढीच देल्ली, जास्त देल्ली असती तर तोल गेला असता.

ता. क. दुसरा : वर मी लिहिलं का तुमचं नाव घेतलं नाई. ते खरं आहे, मी घेतलं नाई. चतुराबाईनं घेतलं. बालुशाहीसकट सगळं सांगतलं. तरी पोरगी तुमच्यावर रागावली नाई. एवढंच म्हणाली का, बाबांनी एवढा विचार केला माझा? मले तुमचा हेवा वाटला.

ता. क. तिसरा : या पत्राले तिकीट नाई, शिक्का नाई, हे तुमच्या ध्यानात आलं असेल. मी तुमाले ओळखतो. पाकीट हातात घेतलं असेल, आणणारीशी एक शब्द न बोलता पाठ फिरवून आतमधी आले असाल आणि चष्मा लावून हे वाचत बसले असाल. आता खाली ठेवा. अमरावतीहून सायकल मारत आली आहे, घामाघूम झाली असेल, आणि तुमी बोलावल्याशिवाय ती आतमधी येणार नाई. तुमचीच पोरगी आहे. उठा, दारात जा.