रायफल पुसायचा रविवार

आई, परवा मी बाबांची रायफल देऊन टाकली. तू गेल्यापासून ती पोलीस ठाण्यात जमा होती. लायसन माझ्या नावावर व्हावं म्हणून मी अर्ज केला होता, तेव्हा साहेबांनी विचारलं, "चालवता येत नाही, जिवाला धोका नाही, मग हवी कशाला?" अर्ज नामंजूर झाला.

फौजेनं बाद केलेली ती जुनी रायफल बाबांनी नोकरीत असतानाच परवानगी काढून विकत घेतली होती. ते गेले तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. काका तुला म्हणाले, "वहिनी, विकून टाका. बाईमाणसाच्या घरात बंदूक कशाला?" तू त्यांच्यापुढे चहा ठेवत म्हणालीस, "अहो भाऊजी, तुमच्या घरी हार्मोनियम आहे. कोण वाजवतं?" काकांनी तो विषय पुन्हा काढला नाही. तू लायसन स्वतःच्या नावावर करून घेतलंस. निवडणूक आली की कव्हरमध्ये घालून, रिक्षानं जाऊन ती ठाण्यात जमा करून यायचीस. एकदा हवालदारानं विचारलं, "बाई, चालवता येते का?" तू म्हणालीस, "नाही. तुम्हाला येते?"

वारज्याच्या आपल्या दोन खोल्यांत उजेड काय तो स्वयंपाकघरात. रविवारी जेवणं आटोपली की तू ओटा पुसतेस, खाली जुनी चादर अंथरतेस, कपाटातून रायफल काढून आणतेस. गोळ्या आपल्या घरात कधी नव्हत्याच. तू बोल्ट काढून बाजूला ठेवतेस, नळीतून वजन बांधलेली दोरी सोडतेस, आणि तेलात भिजवलेली चिंधी मागून घालून मला म्हणतेस, "सरळ ओढ. दोरी कडेला घासू देऊ नकोस." लाकडी दस्त्याला जवसाचं तेल तू स्वतः लावतेस. आठवडाभर बालवाडीत बडबडगीतं म्हणणारी तू, तेवढा वेळ जवळजवळ गप्प असतेस.

मग एका पावसाळ्यात तुला टायफॉइड झाला. उठून बसता यायला लागलं तसं तू पहिल्यांदा कव्हर उघडलंस, तर बोल्टवर तांबूस डाग. त्या डागावर बोट ठेवून तू रडायला लागलीस. बाबा गेले तेव्हा तू रडली नव्हतीस, असं आजी नेहमी सांगायची. मी घाबरून म्हणाले, "आई, रॉकेलनं निघेल गं."

"निघेल," तू म्हणालीस. डोळे पुसत पुढे बोललीस, "ह्यांची रजा ती केवढी. निम्मी गावाकडे जायची, निम्मी आजीच्या दवाखान्यात. दोघांनी मिळून बसावं असं हे एवढंच काम होतं आमचं. मी चिंध्या फाडून द्यायचे, हे पुसायचे. त्यात जे काय बोलणं व्हायचं, तेवढंच."

तेव्हा मला वाटलं, एवढ्यासाठी रडायचं काय? आता माझा नवरा रोज संध्याकाळी घरी येतो, म्हणून कळतं.

परवा ठाण्यातल्या कोठारातून ती बाहेर आणली तेव्हा दस्ता वाळवीनं पोखरला होता आणि नळीवर गंजाचे पापुद्रे आले होते. तिथली कॉन्स्टेबल माझ्या मुलीच्या वयाची. म्हणाली, "मॅडम, ही आता नष्ट करायला पाठवतील. इथं सही करा."

"दोन मिनिटं थांबता?" मी म्हटलं आणि ओढणीच्या टोकानं पुसायला लागले.

"आता पुसून काय होणार, मॅडम?"

"काही नाही," मी म्हटलं आणि पुसत राहिले. पोरगी चांगली होती, तिनं घाई केली नाही. मग मी सही केली.

हे तुला पाठवायचं तरी कुठे, म्हणून एक सांगून टाकते. बाबांचा चेहरा मला फक्त फोटोतला आठवतो. माझं स्वतःचं म्हणून जे काही आठवतं ते त्यांचे हात, रायफलवरून सावकाश चिंधी फिरवणारे. आजवर त्यावरूनच मी त्यांना ओळखत आले. परवा घरी येताना रिक्षात ते हात पुन्हा डोळ्यांसमोर आले, आणि नीट पाहिलं तर मनगटावर बारीक पट्ट्याचं बायकी घड्याळ होतं.