भट्टीमाळाची जागा नापास

लातूर, ९ मार्च १९८६

ती. पंचशीला अक्कास,

नरसिंगचा सप्रेम जयभीम. पत्रास कारण की मला बढती मिळाली आहे. पगार तोच, खुर्ची तीच, फक्त आता मी करमणूक केंद्र जागा निवड समितीचा कारकून आहे. म्हणजे टेप धरायचा, थर्मास धरायचा आणि साहेब बोलले की मान हलवायची. तिन्ही कामं मला जमून राहिलीत.

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं होत आली. कचेऱ्या आल्या, बाहेरगावचे साहेब आले, आणि आता असा शोध लागला की त्यांना इथं करमत नाही. म्हणून केंद्र. आत कॅरम, टेबल टेनिस, बायकांना भरतकामाची खोली. बाहेर हिरवळ आणि मधोमध कारंजं. व्हय, कारंजंच. गोलाईच्या चौकात लोक टँकरमागे पळून राहिलेत, अन् आमच्या अध्यक्षांना, म्हणजे व्यंकटरावांना, कारंजं पाहिजे. त्यांनी ते एकदा हैदराबादेत पाहिलं. तेव्हापासून दुसरं काही पाहिलंच नसावं.

कारंजं म्हटल्यावर पाणी आलं. म्हणून नियम असा: जागा पाहायची तर आधी तिथं बोअर पाडायची, हापसा बसवायचा. महिनाभर पाणी टिकलं तर जागा पास. न्हाई टिकलं तर हापसा उपसून पुढच्या जागेवर. आतापर्यंत सगळ्या जागा नापास झाल्या. पाणी लागतं, पण आठ-दहा दिवसांत हापसा कोरडा खडखडतो, कारण आसपासच्या गल्ल्या घागरी घेऊन उभ्या. व्यंकटराव बैठकीत लई खेदानं बोलले की लोकांना शिस्त नाही, पाणी पिऊन पिऊन जागा नापास करून राहिलेत. मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. दुसरे सभासद हणमंतराव. ते कुठंही उतरले की आधी आपला प्लॉट कोणत्या अंगाला येतो ते पाहतात, मग म्हणतात हवा चांगली आहे.

माझी कादंबरी अडली आहे. तिच्यात माणसं नाहीत, नुसत्या खुर्च्या आहेत. मला वाटायचं हा फार धीट प्रयोग आहे. आता वाटतं मी अगदीच सौम्य लिहिलं.

आई बरी आहे. विहिरीवर पाय घसरला, मनगट मुरगळलं. तुला कळवू नको म्हणाली म्हणून कळवतो. भाऊजींना जयभीम. लोभ आहे तेवढा ठेव, वाढेल असं माझ्या हातून काही घडत नाही.

तुझा,
नरसिंग


नांदेड, १५ मार्च

चि. नरसिंगास,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचून हे पोट धरून हसले. मी नाही हसले. मला शेवटच्या चार ओळींवरचं सगळं पत्र फाडून टाकावं वाटलं.

आईचं मनगट मुरगळलं, ते तू कादंबरीच्या खाली लिहिलंस. म्हातारी भट्टीमाळावरून निघून रेल्वे फाटक ओलांडून त्या विहिरीवर जाते. एका खेपेला दुपार होते. अन् तू गोलाईजवळ खोली करून, दिवसाआड नळ येतो तिथं, खुर्च्यांवर लिहून राहिलास. वस्तीत एकांत मिळत नाही म्हणून गेला होतास. मिळालेल्या एकांताचं काय केलंस ते पुढच्या पत्री सविस्तर कळव.

साहेबांना हसायची अक्कल तुला आहे, माझ्या शाळेतल्या चौथीच्या पोरांनाही आहे. त्यानं घागर भरत नाही. मला एवढं सांग, तुझी समिती जिथं जागा पाहते तिथं बोअर पाडते ना? मग तिला आपला भट्टीमाळ का दाखवत नाहीस? जुन्या चुनाभट्टीपलीकडं केवढा मोकळा माळ पडलाय. होऊ दे नापास. दहा दिवस जरी पाणी मिळालं तरी दहा दिवस आई फाटक ओलांडणार नाही. हसायचंच असेल तर असं कामाचं हस.

ह्यांचा जयभीम. माया आहे, पण तिच्यावर विसंबून राहू नको.

तुझी,
अक्का


लातूर, ४ एप्रिल

ती. अक्कास जयभीम.

कार्ड लहान, म्हणून थोडक्यात. समितीला माळ दाखवला. व्यंकटराव जीपमधून उतरायला तयार नव्हते. मी म्हणालो, इथून सूर्य मावळताना अगदी हैदराबादेसारखा दिसतो. उतरले. हणमंतरावांचा प्लॉट जवळच निघाला, ते मला आधीच ठाऊक होतं. हवा चांगली ठरली. बोअर पाडली अन् पाणी लागलं, गोड लागलं. आईनं पहिली घागर शेजारच्या रहमतबीला दिली, दुसरी आपल्या घरात नेली. समितीला कुणी पाणी विचारलं नाही.

तुझा हुशार भाऊ,
नरसिंग


नांदेड, १० एप्रिल

चि. नरसिंगास आशीर्वाद.

कार्ड तीनदा वाचलं. हुशार लिहिलंस ते आज चालवून घेते.

आता हापसा आठ दिवसांत कोरडा पडू देऊ नका. आईला सांग, हापशाला साखळी-कुलूप घालायचं, किल्ली तिच्या कमरेला. घरटी दोन घागरी, मग पाटील असो की फकीर. बाहेरच्या गल्ल्यांना पत्ता लागू द्यायचा नाही. लोकांना शिस्त नाही म्हणतो ना तो तुझा कारंजंवाला? त्याला दाखवू शिस्त कशी असते. चांगलं महिनाभर पाणी टिकवून दाखवा. जागा पास होईल याची धास्ती घेऊ नको. घरं असलेली जागा कोण पास करतं? आपली वीस-बावीस घरं त्यांना दिसलीच असतील, आंधळे तर नाहीत.

आईचं मनगट शेकायला सांग. इथं सगळे खुशाल. तुझ्यावरचा राग निम्मा उतरलाय, उरलेला जपून ठेवलाय.

तुझी,
अक्का


लातूर, ८ मे

ती. अक्कास,

जयभीम. जागा पास झाली.

महिना झाला तरी हापशाला पाणी तसंच आहे. काल समिती आली. व्यंकटरावांनी स्वतः दांडा मारला, पाणी बुटांवर उडालं तरी मागं सरले नाहीत. वस्तीकडं पाहून त्यांचे डोळे भरून आले म्हण ना. म्हणाले, याला म्हणतात शिस्त. घरटी दोन घागरी. ही माणसं शिस्तीची आहेत, यांना हलवायला सोपं जाईल.

तू विचारशील, घरं दिसली नाहीत का त्यांना. दिसली होती. पहिल्याच दिवशी हणमंतरावांनी मला विचारलं की ही घरं कसली. मी म्हणालो, दोन-चार खोपटी आहेत साहेब, म्हणाल तेव्हा हलतील. तसं म्हटलं नसतं तर बोअरची गाडी माळावर चढली नसती. मला वाटलं, नापासच व्हायचंय, बोलायला काय जातं.

कारंजं आपल्या चुलीच्या जागी येतं. मी स्वतः टेप धरला. वस्ती कुठं न्यायची ते ठरलं नाही, त्याच्यासाठी समिती नेमलेली नाही. २४ तारखेला मोठे साहेब येणार, आपल्या हातानं हापसा मारून पाणी पाहणार आणि सही करणार. आईला अजून सांगितलेलं नाही. मी तिकडं गेलो की ती मला दोनच्या जागी तीन घागरी पाणी देऊ करते, मी साहेबांना घेऊन आलो म्हणून.

काय करू ते लिही. विनोद सुचत नाही.

नरसिंग


नांदेड, १३ मे

नरसिंगा,

आशीर्वाद नंतर. खोपटी म्हणालास. त्यातल्या एका खोपटीत तुझा बी.ए.चा फोटो हार घालून टांगलाय. जित्या माणसाच्या फोटोला हार घालू नये, असं मी आईला सांगत होते. आता सांगणार नाही.

तू साहेबांना तुच्छ समजतोस. मला तरी तुझ्या-त्यांच्यात थर्मासापुरताच फरक दिसून राहिलाय. त्यांना घरं दिसली, माणसं नाही. तुला दोन्ही दिसून तू ती दोन-चार केलीस.

दोन घागरींची अक्कल माझी, ते कबूल. आपण शिस्तीपायी फसलो. म्हणून आता शिस्त सोडायची. साहेब यायच्या दोन दिवस आधी कुलूप काढा अन् सगळ्या गल्ल्यांना सांगावा धाडा, खाटीक गल्लीपासून कुंभारवाड्यापर्यंत, की भट्टीमाळावर गोड पाणी फुकट आहे, भांडं असेल तेवढं न्या. हापसा थांबू देऊ नका. दुसऱ्या जागा जशा नापास झाल्या तशी हीपण होईल. मग हापसा उपसून नेतील, पाणी जाईल. घर पाहिजे का पाणी, ते आईनं अन् वस्तीनं ठरवायचं, तू नाही, मी पण नाही.

तू जाऊन तोंडानं सांग तिला. चिठ्ठी धाडू नको. तिला वाचता येत नाही हे तुला फार सोयीचं पडतं.

अक्का


भट्टीमाळ, लातूर, ८ जून

चि. सौ. पंचशीलास,

तुझी आई सरजाबाईचा आशीर्वाद अन् जयभीम. जावयांना पण सांग. पत्र लिहून राहिली रहमतबी. सातवी शिकलीय, अक्षर तुझ्या भावापेक्षा बरं हाय असं सलीम म्हणतो. सलीम तिचा नवरा, तो म्हणणारच.

नरसिंग आला होता. दारातच हुबा राहिला, आत यायला तयार न्हाई. सगळं सांगितलं. मी म्हणलं, इतकं शिकून खोपटं अन् घर यातला फरक कळंना तर बोर्डिंगला कशाला धाडलं तुला. मग वस्ती बसली. घर पाहिजे का पाणी, याला कुणी वेळ लावला न्हाई. कोंडाबाई म्हणली, पाण्यासाठी फाटक वलांडता येतं, घरासाठी कुठलं फाटक वलांडायचं. मी कंबरंची किल्ली काढली अन् दांडा पहिला नरसिंगच्या हातात दिला.

बाई, काय लोक आले. हंडे, पिंपं, तेलाचे डबे, एकानं तर पाळणा आणला मेणकापड घालून. दोन दिवस दांडा थांबला न्हाई. सलीमनं पैज लावली कोण जास्त हाणतंय, तर जिंकली कोंडाबाई. (मेरा दूसरा नंबर आया, लिहू का न्हाई म्हणून विचारलं तर सरजाखाला म्हणली लिही. रहमतबी.) शेरडं धुतली. म्हातारे खाटा उचलून हापशाजवळ आले. खाटीक गल्लीच्या बाया गाणी म्हणून राहिल्या, आपल्या बाया त्यांना ओव्या शिकवून राहिल्या. सगळी चिकचिक, घसरगुंडी, हसणं. जिल्हा झाल्यापासून या शहरात एवढी मजा कुणी केली नसंल. अन् हे सगळं टेपवाल्या साहेबांनी खुणा मारल्या होत्या तिथंच.

मग मोठे साहेब आले. पांढरी पँट. त्यांनी दांडा मारला, तर हापसा नुसता खोकला. आणखी मारला, तर तांबडा गाळ निघून पँटीवर. कारंजंवाल्यानं आपल्या नरसिंगकडं पाहिलं, मग आमच्याकडं. म्हणला, लोकांना शिस्त न्हाई. नरसिंगनं ते लिहून घेतलं. जागा नापास.

दुसऱ्या दिवशी हापसा उपसून नेला, पाईपासकट. भोक तसंच राहिलं. मला वाटलं झालं, आता पुन्हा फाटक. पण सलीमनं दगड सोडून पाहिला तर खाली डुबुक वाजलं. पाणी परत आलं होतं. त्यानं पत्र्याचा हातभर लांब, भोकात मावंल असा डबा केला, बुडाला झडप लावली. दोर सोडायचा, डबा भरला की वढायचा. एका घागरीला लई डबे लागतात, पण घरापुढं लागतात.

दोर नरसिंग वढतो. खोली सोडून इकडंच राहायला आलाय. हाताला फोड आलेत, वढताना तोंड असं करतो की डब्याला वाटावं आपलीच चूक झाली. सकाळी पाणी काढून मग हापिसला जातो, थर्मास धरायला. पुस्तकाचं विचारलं तर म्हणतो खुर्च्या काढून टाकल्या. मला काही कळलं न्हाई, तुला कळंल.

भोकावर मी माझा पाटा ठेवलाय. साहेबांची जीप अजून या रस्त्यानं जाती, दुसरी जागा पाहायला. जीप दिसली की मी जाऊन पाट्यावर बसते. परवा कारंजंवाल्यानं गाडी थांबवून विचारलं, म्हातारे, उन्हात काय करून राहिलीस इथं. मी म्हणलं, करमणूक.

सुट्टीत ये. घागर घेऊन येऊ नको, पाट्यावर तुझी जागा धरून ठेवलीय.

तुझी आई,
सरजाबाई