माजघरातली तुळई आणि देवराईतले खोड

मी, वाल्मिक गोपाळ धानके, वय सदुसष्ट, निवृत्त शिक्षक, राहणार मौजे चिंचणवाडी, डोळखांबजवळ, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे, हे स्वतःच्या हाताने लिहितो. मला साखरेचा विकार आहे, बुद्धीचा नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. पत्नीने एकदा खडसावले, त्याचा उल्लेख पुढे येईल. याआधी केलेले मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करतो. का रद्द करतो, हेही पुढे येईल.

१. बँकेतल्या सर्व ठेवी पत्नी देवकी हिला. त्या खर्च करताना तिने कोणाला विचारू नये. आयुष्यभर मला विचारले, तेवढे पुरे.

२. नदीकडची भातखाचरे मुलगा साईनाथ याला. चुलतभावाने आमच्याकडे सरकवलेला बांध आहे तिथेच राहू द्यावा. त्यासाठी मी बारा वर्षे तलाठ्याकडे खेटे घातले. दुसऱ्याची चोरी मोजण्याचा आमच्या घराचा अधिकार संपला आहे.

३. माझ्या टेबलावर पट्टीच्या खाचेत चिकटवलेली सागाची काडी आहे, पेन्सिलीएवढी. ती गावच्या शाळेला द्यावी आणि मुलांना पुढील मजकूर वाचून दाखवावा.

उन्हाळ्यात साग पाने टाकतो आणि वाढ थांबवतो. पाऊस आला की पुन्हा वाढतो. आधी मोठ्या छिद्रांचे लाकूड धरतो, मग घट्ट. असे दर वर्षाचे एक वलय. पाऊस चांगला झाला तर वलय रुंद, ओढ दिली तर चिंचोळे. म्हणून ज्या काळी पाऊस मोजायला कोणी नव्हते, त्या काळचा पाऊसही लाकडावरून अंदाजता येतो. एकट्या झाडावर मात्र विश्वास ठेवायचा नाही. ते आजारी असेल, दुसऱ्याच्या सावलीत असेल. एखाद्या वर्षी वलय उमटतच नाही, कधी एका वर्षात दोन भासतात. पुष्कळ झाडे एकमेकांशी ताडून पाहायची. एका मुलखातल्या झाडांनी तीच वाईट वर्षे सोसलेली असतात, म्हणून रुंद-चिंचोळ्यांचा क्रम जुळतो. जिवंत झाडाच्या सालीखालचे वलय यंदाचे. तिथून मागे जायचे. तोडलेल्या लाकडाचा क्रम त्यावर बसला की त्याची वर्षे कळतात. साल शिल्लक असेल तर ते कधी तोडले, हेही कळते.

हे मला पूजा परांजपे यांनी शिकवले. जुन्या पावसाचा अभ्यास करायला त्या पुण्याहून आल्या होत्या, १९९८ साली. पोकळ गिरमिटाने त्या झाडातून अशी काडी काढत. झाड मरत नसे. तरी देवराईतल्या जिवंत झाडाला लोखंड लावायची आमच्यात रीत नाही. जिवंत साग त्यांना टोकावड्याकडच्या रानात मिळाले. देवराईत मी त्यांना तोडलेल्या मोठ्या सागाचे खोड दाखवले आणि वर्षही सांगितले, म्हणजे त्यांना पडताळा मिळेल. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीनंतर तिसऱ्या वर्षी तो साग चोरीला गेला. चोर वाडीवरचा वाळू मुकणे. मग मीच आग्रह केला की आमच्या माजघरातली तुळईही पाहा. ती त्याहून जुनी. आजोबांनी साथीच्या आधी मुरबाडच्या बाजारातून आणलेली.

पुढच्या वर्षी त्या आल्या. ओटीवर बसल्या बसल्या म्हणाल्या, "सर, गंमत सांगू? तुमची तुळई आणि ते खोड एकाच झाडाचं आहे. वणव्याचा डाग दोन्हींत एकाच वर्षी, एकाच बाजूला. आणि साथीच्या साली पाऊसही नव्हता, त्याचं ते बारीक वलय तुळईत आहे, त्याच्यानंतरचीही आहेत. भिंतीत गेलेल्या कडेला साल आहे, म्हणून शेवटचं वर्षही मिळालं. घर साथीच्या आधीचं असूच शकत नाही."

त्या खूश होत्या. तुळईतून काढलेली काडी त्यांनी मला ठेवायला दिली, वर लिहिली ती हीच. मुकणे हे नाव त्यांच्या लक्षात राहिले नव्हते. मी चहा घ्या म्हणालो.

शाळेतल्या मुलांना यात नुसती गंमत वाटू नये, म्हणून बाकीचेही लिहितो. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला, वाघोबाच्या सणाला, देवराईत घरटी एक ओंजळ तांदूळ एकाच हंड्यात पडतो. तोच शिजतो, तोच सगळे खातात. चोरीचा आळ आला तेव्हा वाळूने वाघोबापुढे हात ठेवून आण घेतली. पंचांनी मानली नाही. पंचांत माझे आजोबा होते. तेव्हापासून मुकण्यांची ओंजळ हंड्यात घेत नाहीत. सगळ्यांचे झाल्यावर दगडांच्या ओळीबाहेर त्यांना वाढतात. वाळूचा नातू जैतू माझ्याच वयाचा आहे. त्याला मी त्या ओळीबाहेर जेवताना पाहत आलो, आणि माझ्या पानातला भात मला गोड लागत आला.

४. आधीच्या मृत्युपत्रात असे कलम होते, की माझ्या मृत्यूनंतर साईनाथने हे सर्व देवराईत वाचून दाखवावे. देवकीने ते वाचले. तिचे शब्द असे:

"मेल्यावर? म्हंजे तुमी सुटणार, नि लाज पोराच्या पदरात. आनि जैतूदादा तुमच्याआधी गेला तर कोनाला वाचून दाखवताव? त्याच्या पिंडाला?"

साईनाथ वाशिंदला कारखान्यात आहे. तो म्हणाला, "बाबा, तुमच्या आज्याला जाऊन जमाना झाला. आता कोण विचारतंय?"

कोणी विचारत नव्हते, हे खरे आहे.

यंदाच्या वाघबारशीला मी स्वतः वाचले. मागून कोणी म्हणाले, "गुरुजी, लाकूड पण शालंत जातं काय आता?" लोक हसले. मी वलयांचे पुन्हा समजावले, मुलांना सांगतात तसे. मग कोणी हसले नाही. हंडा सकुबाईकडे असतो. तिने झाकण काढले.

"टाक रे जैतू. भात काय कोनाला ओलखतोय?"

"नाय टाकत," जैतू म्हणाला. "आदी गुरुजींचा काढा त्यातला."

सकुबाईने माझ्याकडे पाहिले. मी हंड्यात हात घातला. कोणाचा तांदूळ कोणता, ते कळेना. जैतूने माझे हात चाचपडू दिले. मग "ऱ्हाऊ दे," म्हणाला आणि ओंजळ रिकामी केली. काही घरे न जेवता गेली. साईनाथही गेला.

म्हणून ते कलम आता नाही. लाज मृत्युपत्राने देता येत नाही.

५. तुळई उतरवून जैतूला द्यावी, असे मी ठरवले होते. त्याच्याकडे जाऊन विचारले.

"तुलई?" तो म्हणाला. "माजं घर तिच्यापक्षी आखूड, गुरुजी. तिला आत घेतली तर मी नि बायको झोपू कुठं, तिच्यावर?"

दुसरे काही घे म्हणालो. तो नको म्हणाला. तुळई आहे तिथेच राहील. ती मुरबाडच्या बाजारातून आणली, असे या घरात यापुढे कोणी सांगू नये.

६. घर साईनाथला. देवकीचा त्यात हयातभर राहण्याचा हक्क राहील. देवराईतल्या जेवणावरून साईनाथ माझ्याशी बोलत नाही. त्याच्यावर माझा राग नाही. मी त्याच्या वयाचा असताना मीही उठून गेलो असतो.

ज्याला मृत्युपत्राने काही मिळते, त्याने त्यावर साक्ष घालू नये, असे शहापूरच्या वकिलांनी सांगितले. जैतूने माझ्याकडून काहीही घेतलेले नाही. म्हणून पहिली साक्ष त्याची आहे. त्याला सर्व मजकूर वाचून दाखवला. वाळूने आण घेतली, तिथे त्याने मला थांबवले आणि ते वाक्य पुन्हा वाचायला लावले. दोन्ही साक्षीदारांसमोर मी सही केली, माझ्यासमोर त्यांनी केली.

वाल्मिक गोपाळ धानके
(सही)

साक्षीदार
१. जैतू जाणू मुकणे, वाळू मुकणे यांचा नातू
(डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा)
२. सकुबाई तुकाराम घुडे
(सही)

मौजे चिंचणवाडी, ३ नोव्हेंबर २००३