शनिवारचं पिस्तूल

चॅलिस, आयडाहो
शनिवार, १६ एप्रिल २०११

प्रिय मार्लिस,
स. न. वि. वि.

आज सहाला उठले. रात्री पुन्हा थोडा बर्फ पडला होता, तो नऊपर्यंत वितळला. कुत्र्याला खायला घातलं. रॉयसचे सदरे धुऊन ठेवले होते ते खोक्यात भरले आणि चर्चमध्ये देऊन आले. दुपारी त्याचं बंदुकांचं लोखंडी कपाट उघडलं. तुझा भाऊ जाऊन पाच आठवडे झाले, पण त्या कपाटाची किल्ली मी आजवर हातात घेतली नव्हती.

रायफली जागच्या जागी आहेत. तुझ्या वडिलांची जुनी रायफल तुझ्या मुलाला, डेलला जायची, ते रॉयसनेच ठरवलं होतं, तेव्हा तो येईल तेव्हा घेऊन जाऊ दे. मला लिहायचं आहे ते त्या मोठ्या पिस्तुलाबद्दल. तू ते पाहिलं आहेस. दोन किलोचं धूड, अर्धा इंच जाडीची गोळी. थँक्सगिव्हिंगला तू ते उचलून म्हणाली होतीस की याला चाकं लावली तर शेत नांगरता येईल. त्याच्या पेटीत एक कार्ड होतं. रॉयसच्या अक्षरात लिहिलं होतं, हे कॉरीनला. एवढंच.

कॉरीन जेसप म्हणजे पशुखाद्याच्या दुकानात गल्ल्यावर बसते ती. अंत्यविधीनंतरच्या जेवणाला चीज घातलेले बटाटे घेऊन आली होती, वर कॉर्नफ्लेक्सचा थर लावून. तू दोनदा वाढून घेतले होतेस. ती इतकी रडली की बायका तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मी तेव्हा आत बशा विसळत होते.

कार्डाखाली निशाणाचे कागद होते, पाच वर्षांचे. प्रत्येकावर तारीख आणि दोघांची सही. सगळे शनिवार. शनिवारी तो खडीच्या खाणीवर नेम धरायला जातो हे मला माहीत होतं. एकटा जात नाही, हे माहीत नव्हतं. मी कधी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही, त्यामुळे तो खोटं बोलला असंही म्हणता येत नाही.

त्याने ते पिस्तूल घेतलं त्या उन्हाळ्यात, म्हणजे चौऱ्याण्णव साली, मला एकदा खाणीवर नेलं होतं. मी एक बार काढला. हात कपाळापर्यंत उडाले, टोपी गेली आणि मी खडीत बसलेच. रॉयसने पिस्तूल माझ्या हातातून काढून घेतलं. घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. टोपीचं विचारलं तर वाऱ्याने नेली म्हणाला. मी त्याला लाज आणली, असं मी समजले. पुढे एकदोनदा विषय काढला तेव्हा ते तुझ्या हातांचं काम नव्हे, एवढंच म्हणाला. कॉरीन माझ्याहून वीतभर बुटकी आहे. तिचे हात मी बघितले आहेत. माझ्याहून लहान आहेत.

मी काय करावं असं तुला वाटतं, ते कळव. कुत्रा अजून संध्याकाळी दारापाशी जाऊन बसतो. तुझा गुडघा कसा आहे?

तुझी माया अशीच असू दे.
आयडेला


ट्विन फॉल्स
शुक्रवार, २२ एप्रिल

प्रिय आयडेला,
अनेक आशीर्वाद. (मी तुझ्याहून चार वर्षांनी मोठी आहे, देऊ शकते.)

गुडघा आहे तसाच आहे. डॉक्टर म्हणतो वजन कमी करा. मी त्याला म्हटलं, आधी तू कर.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिली गोष्ट अशी की, रॉयस आणि भानगड? अगं, तो नाताळची भेट लपवायला गेला की त्याचे कान लाल व्हायचे. आईने त्यावरूनच दर वर्षी पकडला. पाच वर्षं तुझ्यासमोर बसून कान पांढरे ठेवणं त्याला जमलं नसतं.

दुसरी गोष्ट सांगते, पण तू रागावशील. कॉरीन त्याच्याबरोबर जाते हे मला ठाऊक होतं. रविवारी फोनवर तो सांगायचा, काल कॉरीनने अमुक केलं, तमुक केलं. तुलाही माहीत असेल असं मी धरून चालले. आता वाटतं, विचारायला हवं होतं. माफ कर.

तू जळतेस म्हणून स्वतःवर चिडू नकोस. मी त्यातली जुनी जाणकार आहे. बाबांनी रॉयसला बाराव्या वाढदिवसाला रायफल दिली आणि मला शिलाई मशीन. त्या मशीनवर मी तीस वर्षं कपडे शिवले, आणि एकदाही पायडल मारताना ती रायफल आठवली नाही असं झालं नाही. वर नेम माझा चांगला होता! विचार कुणालाही. आता विचारायला कुणी उरलं नाही, ते सोड.

कार्डाचं म्हणशील तर तो काही मृत्युपत्राचा कागद नाही. पिस्तूल तुझं आहे. ठेव, वीक, नदीत टाक. पण तू ते करणार नाहीस हे मलाही माहीत आहे आणि त्यालाही होतं.

तिसरी गोष्ट म्हणजे मी कॉरीनला फोन केला. हो, न विचारता. मी तिला सरळ विचारलं की बाई, तुमचं काय होतं. ती आधी हसली, मग रडायला लागली. म्हणाली की त्या पिस्तुलाची एक गोष्ट आयडेलाला ठाऊक नाही, आणि ती आता सांगायलाच हवी. मला सांग म्हटलं तर नाही म्हणाली. ती गोष्ट माझी नाही, म्हणे. इतकी चौकस बाई मी, आणि मला हे ऐकून घ्यावं लागलं! ती तुला पत्र टाकेल. फाडू नकोस. वाच, आणि मग मला सगळं कळव.

नीट जेव. नुसत्या सुपावर राहू नकोस.

आहे तेवढं प्रेम राखून असावे, कमी झालं तर मी तिकडे येऊन राहीन.
मार्लिस


चॅलिस
बुधवार, २७ एप्रिल

श्रीमती आयडेला हॅल्व्हर्सन यांस,
सादर नमस्कार.

आपली ओळख दुकानातली, कोंबड्यांच्या खाद्यापुरती. म्हणून हे पत्र लिहायला जड जातं आहे. दारात येऊन सांगायचं धैर्य झालं नाही.

माझा नवरा मला सोडून गेला, त्याला आता सहा वर्षं होतील. मी गावाबाहेर एकटी राहते. एकदा दुकानात मी म्हटलं की मला कशाचीच भीती वाटू नये इतकं मोठं काहीतरी उडवायला शिकायचं आहे. रॉयस रांगेत होते. म्हणाले, शनिवारी खाणीवर या.

पहिल्या दिवशी त्यांनी पिस्तुलाच्या मुठीत बसणाऱ्या मॅगझीनमध्ये एकच काडतूस भरलं. मी चेष्टेने म्हटलं, एवढी कंजुषी? पूर्ण भरा की. ते एकदम चिडले. त्यांना तसं चिडलेलं मी पुन्हा कधी पाहिलं नाही. म्हणाले की नवीन माणसाच्या हातात हे देताना एकच काडतूस द्यायचं, हा नियम आहे. या पिस्तुलात एक गोळी सुटली की दुसरी आपोआप जागेवर येऊन बसते. नवीन माणसाचे हात वर उडतात, तो घाबरून मूठ आवळतो, त्यात बोटही आवळलं जातं, आणि दुसरी गोळी सुटते. तेव्हा नळी कुठे असते? त्याच्याच डोक्याकडे.

मग त्यांनी ते सांगितलं. तुम्हाला नेलं त्या दिवशी त्यांनी दोन काडतुसं भरली होती. नियम त्यांना माहीत होता. पण पहिला बार काढून तुम्ही खूश व्हाल आणि लगेच दुसरा काढाल, असं त्यांच्या मनात होतं. तुमच्या हातून दोन्ही गोळ्या सुटल्या. दोन्ही आवाज इतके लागून आले की तुम्हाला एकच ऐकू आला असेल. दुसरी गोळी तुमच्या टोपीच्या काठातून गेली. टोपी वाऱ्याने नेली नव्हती. त्यांनी ती गाडीच्या सीटखाली लपवली आणि दुसऱ्या दिवशी शेडमधल्या शेगडीत जाळली. ते म्हणाले की घरी परतताना बोलायला तोंड उघडलं असतं तर गाडी रस्त्यावर राहिली नसती. तुमच्या हातात ते पिस्तूल पुन्हा बघणं त्यांना झेपलं नसतं. मी म्हटलं, सांगून टाका. ते म्हणायचे, पुढच्या आठवड्यात सांगतो.

तुम्ही काय समजला असाल ते मला कळतं. म्हणून एक गोष्ट सांगते. पाच वर्षं दर शनिवारी मी तुमच्याबद्दल ऐकलं. आयडेला असं म्हणाली, आयडेलाने तसं केलं, आयडेलाला टोमॅटो असे चिरलेले आवडत नाहीत. माझ्याबद्दल असं कुणाला सांगत बसणारं माझ्या घरी कधी कुणी नव्हतं. मला तुमचा हेवा वाटायचा. अजून वाटतो.

कार्डाबद्दल मार्लिसबाईंनी सांगितलं. मला ते पिस्तूल नको असं लिहिलं तर खोटं होईल. हवं आहे. पण मागायला मी येणार नाही.

रागाबरोबर थोडी क्षमाही असू द्यावी.
कॉरीन जेसप


चॅलिस
शनिवार, ७ मे

प्रिय मार्लिस,
स. न. वि. वि.

कॉरीनचं पत्र सोबत पाठवते आहे. वाचून परत पाठव. तुझ्याकडून हरवेल असं वाटतं, म्हणून आधीच सांगते, हरवू नकोस.

मी ते चार वेळा वाचलं. मेले असते हे वाचून काही वाटायला हवं होतं, पण ते सतरा वर्षांपूर्वीचं झालं. राग आला तो वेगळाच. इतकी वर्षं मी स्वतःला लेचीपेची समजत होते, आणि मी तशी नाही हे दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्या बाईला माहीत होतं. त्याने तिला सांगितलं. मी त्याच्या शेजारी झोपत होते. त्याला मला घाबरवायचं नव्हतं हे समजतं. पण घाबरायचं की नाही हे मला ठरवू द्यायला हवं होतं. आणि टोपी जाळायला नको होती. मला ते भोक बघायला आवडलं असतं. माझ्या टोपीचं होतं.

तिला माझा हेवा वाटायचा हे वाचून मला बरं वाटलं. हे फक्त तुला सांगते. आणि टोमॅटोचं तिला काय करायचं होतं?

आज सकाळी पिस्तूल घेऊन खाणीवर गेले. एकटीच. आठलाच गेले, म्हणजे कुणी भेटायला नको. कानांवर आवाज अडवणारे मफ लावले, मॅगझीनमध्ये एक काडतूस घातलं, आणि आणखी नाही ना हे तीनदा बघितलं. वरचा लोखंडी भाग मागे ओढायला मला चार खेपा लागल्या. चौथ्यांदा मी रॉयसच्या नावाने काहीतरी म्हटलं, तेव्हा तो मागे आला. दोन्ही हात ताठ केले, पाय फाकवून उभी राहिले आणि बार काढला.

हात वर गेले, पण चेहऱ्यापर्यंत नाही. मी बसले नाही. गोळी मातीच्या बांधात कुठे लागली ते कळलं नाही. मी आवाजाकडेच लक्ष ठेवून होते. एकच झाला. त्या दिवशीचा याहून लांब होता, हे मला आता नक्की आठवतं. तेव्हाही ऐकलं होतं मी, फक्त ते काय होतं ते माहीत नव्हतं.

मग थोडा वेळ खाणीवरच उभी होते. त्याला मी तिथे जे सांगितलं ते इथे लिहीत नाही.

घरी आल्यावर कॉरीनला फोन केला. पत्र पोचलं म्हणाले. मी म्हटलं, पिस्तूल तुझं आहे, शनिवारी येऊन घेऊन जा. कोणत्या शनिवारी ते मी सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. अर्थात, ती विचारेल तेव्हा मी देईन. त्याने लिहून ठेवलं आहे आणि मी ते मोडणार नाही. पण आणखी काही शनिवार ते माझ्याकडे राहिलं तर तिचं काही बिघडत नाही. तिला पाच वर्षांचे मिळाले आहेत.

उडवलेलं पिस्तूल साफ न करता कुणाच्या हातात द्यायचं नसतं, हे मात्र मला ठाऊक आहे. त्यामुळे स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना टॉवेल अंथरून ते खोललं आहे. पेटीतल्या पुस्तिकेत चित्रं दिली आहेत, तसं करते आहे. नळीतून तेलाची चिंधी दोनदा फिरवून काढली.

उन्हाळ्यात ये. गुडघ्याची सबब चालणार नाही, तुला खाली झोपायची खोली देईन. आणि तुझा नेम खरंच चांगला होता का, तेही बघू.

आपलं हे लिहिणं-बोलणं असंच राहू दे.
आयडेला

ता. क. चिंधी अजून काळीच निघते आहे. आणखी एक घालते.